तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधला फोटो

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि फोटो काढतो. पहिलं काम त्याला उत्तम जमतं. दुसऱ्याचं काय सांगू? त्याच्या फोटोमंडळात त्याला सगळे 'जरासाठी' म्हणतात. दर महिन्याच्या बैठकीत तो हात चोळत एकच वाक्य सांगतो, "जरासाठी गेला हो!"

आमच्या मुलीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा तो बॅटरी बदलत होता. समोरच्या गच्चीवर ससाण्याने कबुतर उचललं तेव्हा भिंगावर झाकण होतं. तो काळाकुट्ट फोटो त्याने अजून जपून ठेवलाय. अग्निशामक दलाच्या एका धिप्पाड जवानाने झाडावरून मांजर उतरवलं आणि त्या मांजराने कृतज्ञतेपोटी त्याच्या नाकाचा चावा घेतला, त्या वेळी हा गर्दीला "जरा बाजूला व्हा" म्हणून विनवत होता. माणसं बाजूला झाली तेव्हा नाकाला पट्टी लागलेली होती.

पण मी सांगणार आहे तो फोटो यांतला नाही.

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या. त्यांची धाकटी बहीण, आमची मावशी, शाळेत ग्रंथपाल. मावशीने लग्न केलं नाही, वडिलांजवळ राहिली. वडील शेवटचे सात महिने अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचं सगळं तिनेच केलं. ज्या दुपारी ते गेले त्या दुपारी आई थिएटरमध्ये होत्या. टेबलावर अपघातातला माणूस होता, पोट उघडलेलं. निरोप आला होता, पण तो त्यांना चार तासांनी, हातमोजे काढल्यावर मिळाला. त्या पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं.

भरल्या घरात, सगळ्या नातेवाइकांसमोर मावशी म्हणाली, "परक्यांच्या उशाशी उभं राहायला बरा वेळ होता तुला."

आई अजून बसल्यासुद्धा नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुला तरी दुसरं काम काय होतं?"

बस्स. दोघी एकेकच वाक्य बोलल्या आणि पुढे सतरा वर्षं बोलल्या नाहीत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हा अबोला चार वर्षांचा होता. आपण घरातल्या माणसाला सांभाळून घेतो, तसं आम्ही त्याला सांभाळून घ्यायचो. जुने फोटो बघताना पानं दोन-दोन उलटायचो. मावशीने वडिलांचं घर सोडलं, ती कुठे राहते हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. नवऱ्याला तिची आठवण यायची, कारण लहानपणी पाढे तिनेच त्याच्याकडून घोटून घेतले होते. पण आईपुढे नाव काढायची छाती नव्हती.

मग गेल्या वर्षी एक सहकारी रजेवर गेला म्हणून त्याच्या भागातल्या तक्रारी माझ्या नवऱ्याकडे आल्या. एका सहा मजली इमारतीत लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये बंद पडली होती. आत एक म्हातारी बाई, दिवाही गेलेला. हा पोचला आणि दाराला कान लावला, तर आतून पाढे ऐकू येत होते. एकोणिसाचा पाढा, ठेक्यात, सातानंतर एक श्वास घेऊन. तो श्वास त्याला ओळखू आला. त्या श्वासाच्या जागी चुकला की लहानपणी त्याला पट्टी बसायची.

त्याने आपण कोण ते सांगितलं नाही. अंधारात कोंडलेल्या माणसाला आणखी एक धक्का कशाला? तो फक्त म्हणाला, "बाई, एकोणीस झाला असेल तर आता तेविसाचा म्हणा. मी ऐकतोय." मग वर मशीनच्या खोलीत जायचा, ब्रेक सोडून हाताने चाक थोडं फिरवायचा, धावत खाली यायचा, दाराशी बोलायचा, पुन्हा वर. असं चाळीस मिनिटं चाललं. शेवटी दार उघडलं. मावशी पर्स छातीशी धरून उभी होती. तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मिशी काढून टाक. बापासारखा दिसतोस."

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं, आता वीज पडणार. आई एवढंच म्हणाल्या, "किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"दिवा होता आत?"

"नव्हता."

त्यांनी एका उशीच्या अभ्र्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "लहानपणी लपाछपी खेळताना ती कपाटात कोंडली गेली होती," त्या म्हणाल्या. "कडी मी लावली होती. आणि मग विसरून बाहेर खेळायला गेले." मग घडी बाजूला ठेवून, "तिला म्हणावं, जिन्याने जात जा."

सतरा वर्षांतला हा पहिला निरोप. दोन दिवसांनी उत्तर आलं, "तिला म्हणावं, सहावा मजला आहे, पहिला नव्हे." तरी मावशी जिन्यानेच जाऊ-येऊ लागली होती, हे त्याने पाहिलं होतं. पुढचे दोन महिने त्या इमारतीतल्या लिफ्टची जेवढी देखभाल झाली तेवढी गावातल्या कुठल्याच लिफ्टची झाली नसेल. हा दर तीन-चार दिवसांनी तिथे तेल घालायला जायचा आणि येताना एक 'म्हणावं' घेऊन यायचा. तिला म्हणावं, गुडघे शेकत जा. तिला म्हणावं, शेकायला सांगायची गरज नाही, मी नर्स आहे. तिला म्हणावं, नर्स आहेस म्हणूनच सांगते, स्वतःकडे लक्ष नसतं.

शेवटी भेटायचं ठरलं, पण कोणी कोणाकडे जायचं यावर घोडं अडलं. आई म्हणाल्या, "ती धाकटी आहे, तिने खाली यावं. मी फाटकापर्यंत जाईन." मावशी म्हणाली, "मोठी आहे ना, मग मोठेपणा दाखवू दे. दार उघडं ठेवीन, वर ये म्हणावं." पंधरा दिवस रस्सीखेच झाली आणि एका सकाळी आईच म्हणाल्या, "जाते मी वर. रविवारी, दहा वाजता."

"दहाला नको," नवरा घाईघाईने म्हणाला. "चारला जाऊ."

"का?"

"मावशीला सकाळी कामं असतात."

हे खोटं होतं. सहाव्या मजल्यावर लिफ्टसमोर पश्चिमेची खिडकी आहे आणि चार वाजता तिच्यातलं ऊन बरोबर लिफ्टच्या दारावर पडतं, हे याने पाहून ठेवलं होतं. मंडळाचं वार्षिक प्रदर्शन जवळ आलं होतं आणि त्या वर्षीचा विषय होता 'भेट'. लिफ्टचं दार उघडतंय, आत एक बहीण, बाहेर एक बहीण, मध्ये उन्हाची पट्टी. तो मला हाताने चौकट करून दाखवत होता.

"भेट आईंची आहे की तुझ्या प्रदर्शनाची?" मी विचारलं.

"दोन्ही का असू नये?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, म्हणून मी पुढे बोलले नाही.

रविवारी तो तीनलाच जाऊन ट्रायपॉड मांडून बसला. लिफ्ट त्याने आदल्या दिवशी चार-चारदा तपासली होती. मावशीला त्याने तिच्या घराच्या दारात उभं केलं. ती दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली. "किती वेळ उभी करणार आहेस? मी काय कपडे वाळत घालायची दांडी आहे?" असं तिने एकदा विचारलं आणि त्याने कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता "आलीच ती, आलीच," असं उत्तर दिलं.

खाली मी आणि आई. आईंनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलं होतं. सतरा वर्षांनी बहिणीकडे जाताना न्यायला त्यांना तेवढंच सुचलं. मी लिफ्टचं दार उघडलं. आईंनी आत पाहिलं आणि पाऊल मागे घेतलं.

"मी जिन्याने येते."

"आई, सहा मजले आहेत. तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. तिला कोंडून घातलेल्या डब्यात मी पाय ठेवणार नाही. तू ही पिशवी घेऊन हो पुढे."

मी त्यांना एकटीला सोडायला नको होतं. पण त्यांच्या आवाजात थिएटरमधल्या सिस्टरची जरब आली की भलेभले डॉक्टर गप्प बसायचे, तिथे माझं काय! मी लिफ्टने वर गेले. दार उघडलं. डोळ्यांवर ऊन आलं आणि समोरून खटखटखट आवाज. एकूण सात फोटो. सातही माझे, हातात पिशवी, तोंड उघडं. त्या तोंडातून मी म्हणत होते, "आई जिन्याने येतायत."

नवऱ्याने मान वर केली. "आणि मावशी?"

आम्ही दोघांनी तिच्या घराच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. जिना त्याच्या पाठीमागे होता. त्याचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला असताना मावशी त्याच्या मागून, हातभर अंतरावरून, जिना उतरून गेली होती आणि याला पत्ता नव्हता.

तेवढ्यात खालून हाक आली. एकच.

"ताई!"

पुढे काहीच आवाज नाही. नवरा धावत सुटला, मागे मी.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, जिना वळतो तिथल्या पायरीवर, दोघी बसल्या होत्या. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. आईंनी तिचं मनगट धरलं होतं, नजर स्वतःच्या घड्याळावर आणि ओठ हलत होते. "बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "मोजतेय." त्यांचंही नाक गळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून मावशीने आपल्या पदराने पुसलं.

नवऱ्याचा हात छातीकडे गेला. कॅमेरा वर ट्रायपॉडवर होता. तो वळला. मी त्याची बाही धरली, "अरे, थांब ना."

"दोन मिनिटं!" म्हणत तो दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाला. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्या क्षणी लिफ्ट आठवली नाही. तो धापा टाकत परत आला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ दार उघडून "कोणाला बरं नाहीये का?" विचारत होते आणि दोघी बहिणी उठून एकमेकींच्या पाठीवरची धूळ झटकत होत्या.

"गेला," तो म्हणाला. जरासाठी हा शब्दसुद्धा त्याच्या तोंडून निघाला नाही. तिथेच कठड्याला टेकून तो असा खाली बसला की मावशीला त्याची दया आली.

"एवढं काय त्यात? पुन्हा करू," ती म्हणाली. "ताई, तू खाली जा, तिसऱ्याच्या पायपुसण्यापाशी. मी वरून येते."

"पायपुसण्यापाशी? मी याच्या वर होते. वळणावर."

"छे! मी आले तेव्हा तू खाली होतीस. मी चांगले तीन मजले उतरले."

"अडीच. साडेतीन मी चढलेय, माझे गुडघे साक्षीला आहेत."

मी हसू दाबत होते. नवऱ्याने आशेने कॅमेरा डोळ्याला लावला. आई वळणावर जाऊन उभ्या राहिल्या, वर तोंड करून. मावशी चौथ्या मजल्यावरून उतरू लागली आणि मध्येच थांबली.

"असं नव्हतं," ती म्हणाली. तिच्या आवाजातली गंमत गेली होती. "तुझं तोंड माझ्याकडे नव्हतं. तुझी पाठ होती. तू परत फिरत होतीस."

नवऱ्याचं बोट बटणावर होतं, ते तसंच राहिलं.

"दम लागला होता," आई म्हणाल्या. "कठडा धरून उभी होते."

"पाठ होती, ताई."

"कठडा ज्या बाजूला आहे त्या बाजूलाच तोंड होणार ना माणसाचं?"

मी मनात म्हटलं, झालं. आता पुढची सतरा वर्षं. मावशी दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. मग म्हणाली, "असेल. दम लागला असेल. पण एक सांगू? पाठ दिसली म्हणून तर माझ्या तोंडून हाक निघाली. तोंड दिसलं असतं तर मी वरच उभी राहून वाट बघितली असती, तू येतेस का ते."

नवऱ्याने कॅमेरा खाली घेतला. बंद केला, पट्टा गळ्यात अडकवला आणि आईंचा हात धरून त्यांना वर घेऊन गेला. रक्तदाब दोघींचाही जास्त निघाला.

प्रदर्शनात त्याने काहीच लावलं नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीला मीही गेले होते, कारण त्याला जायचंच नव्हतं आणि मी ओढून नेलं होतं. ही माणसं एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भेटतात. अध्यक्ष दाताचे डॉक्टर आहेत. त्यांनी विचारलं, "काय जरासाठी, भेटीचा फोटो कुठाय?" याने सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं, हसतील. कोणी हसलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "आमचे वडील शेवटची तीन वर्षं कोणाला ओळखत नव्हते. एकदा मी त्यांची कवळी बसवत होतो आणि त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. कॅमेरा शेजारच्या टेबलावर होता. उचलायचा म्हणजे हात काढावा लागला असता." पावाच्या भट्टीवर काम करणारे एक जण होते, ते म्हणाले, "माझी बायको पहिल्यांदा सायकल शिकली तेव्हा मागून कॅरियर मी धरलं होतं. फोटो कोण काढणार?" मग एकेक जण बोलत गेला. भिंतीवर त्या वर्षीचे निवडक फोटो टांगलेले होते आणि त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं.

परतताना नवरा म्हणाला, "फोटो असता तर एक तरी कळलं असतं. आई वर येत होती की खाली जात होती."

"कळून काय केलं असतंस?"

"प्रदर्शनात लावला असता," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते उत्तर आवडलं नाही असं दिसलं.

त्यानंतर दर रविवारी दोघी भेटू लागल्या, एकदा इथे, एकदा तिथे. भांडायच्या, पण पूर्ण वाक्यांत. एकदा मी आईंच्या गुडघ्यांना मलम चोळत होते तेव्हा त्या एकाएकी म्हणाल्या, "फिरले होते मी."

मी हात थांबवला.

"जिन्याच्या वळणावरून खालच्या मजल्यावरच्या दारांच्या पाट्या वाचत उभी होते, तीनशे बारा, तीनशे अकरा. वाटलं, वर जाऊन ती म्हणेल, आता बरा वेळ मिळाला. आणि ते खरंच असेल. सात महिन्यांत मी अकरा वेळा गेले होते, मोजून. मला तेवढं ऐकून घ्यायचं बळ नव्हतं. वळले. चार पायऱ्या उतरलेसुद्धा होते." मग माझ्याकडे न बघता, "सांगून टाकू का तिला?"

"मला नका विचारू, आई."

त्यांनी सांगितलं, पुढच्याच रविवारी, आमच्या स्वयंपाकघरात. मी बाहेरच्या खोलीत होते. काही आवाज आला नाही. थोड्या वेळाने मावशी चपला घालून निघून गेली, माझ्याकडेही न बघता.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. आईंनी फोन केला नाही, आणि करावा असं सांगायची कोणाची हिंमत नव्हती. नवरा दोनदा त्या इमारतीत तेल घालायला गेला आणि दोन्ही वेळा तिचं दार बंद पाहून आला. आई पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायच्या, मोडायच्या. मला त्यांचा राग आला होता, खरं बोलल्याबद्दल. असलं खरं कोणाच्या कामाचं, असं मी नवऱ्यापाशी बोललेही.

तिसऱ्या रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. मावशी होती. घरात शिरली ती थेट आईंसमोर जाऊन उभी राहिली. बसली नाही.

"तू जिन्याने येत होतीस त्या दिवशी मी दोनदा दार लावून घेतलं होतं," ती म्हणाली. "आतून कडी घालून उभी होते. दोनदा. याला वाटलं, मी पाणी प्यायला गेले. म्हटलं, आलीच तर बेल वाजवू दे, वाजवून वाजवून जाऊ दे. मग राहवलं नाही, म्हणून जिना उतरले. आणि आता एकवीस दिवस मी तुला तोंड दाखवलं नाही, चार पायऱ्यांसाठी."

आईंनी सरकून पलंगावर जागा केली.

"बस," त्या म्हणाल्या. "आणि बाही वर कर. चेहरा लाल दिसतोय तुझा."